प्रिन्स खटला: गांजा, उपासना आणि कायद्याची सोय

आज आपण एक निकालपत्र वाचायला बसलो आहोत. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २५ जानेवारी २००२ रोजी ते दिलं. प्रश्न असा होता: गांजा हा एखाद्या समाजाच्या उपासनेचा भाग असेल, तर धर्मस्वातंत्र्याच्या हक्काखाली त्याला संरक्षण मिळतं का? न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ‘नाही’ म्हटलं. हे उत्तर ज्या कारणाने दिलं गेलं, ते कारण आम्हाला पटत नाही. का पटत नाही, ते आज सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. गांजा ओढावा की ओढू नये, हा आजचा विषय नाही. कोवळ्या वयात तो घातक ठरतो, गाडी चालवताना धोका वाढतो, काहींच्या मनावर त्याचा गंभीर परिणाम होतो, हे आपण मान्य करूनच पुढे जाऊ. शिवाय आपल्याकडे भक्ती आणि व्यसन यांची फारकत मनात पक्की बसलेली आहे. वारकऱ्याने माळ घातली की व्यसन सुटलंच पाहिजे, हा आपला दंडक. त्यामुळे ‘गांजा ही आमची उपासना आहे’ असं कुणी म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा हसू येतं, नाहीतर राग येतो. ते साहजिक आहे. पण आपल्याला जे पटतं तेवढ्यालाच संरक्षण द्यायचं असेल, तर त्यासाठी राज्यघटनेत वेगळं कलम कशाला लागतं? त्या कलमाची कसोटी न पटणाऱ्या उपासनेपाशीच लागते.

आता रास्ताफारी म्हणजे कोण, हे थोडक्यात. जमैका बेटावर १९३०च्या दशकात हा पंथ उभा राहिला. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचा १९३० साली राज्याभिषेक झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांना त्यांच्यात देवाचा अवतार दिसला. बायबल हा त्यांचा ग्रंथ. जटा वाढवायच्या, साधं नैसर्गिक अन्न खायचं, आणि गांजा ही पवित्र वनस्पती मानायची. एकत्र बसून, प्रार्थना करून तो ओढायचा आणि मग धर्मचर्चा करायची. वेदीपाशी त्याची धुनीही जाळतात.

इथे आपलं एक नातंही आहे. जमैकात १८४५ पासून भारतातून गिरमिटिया मजूर नेले गेले आणि त्यांच्याबरोबर ‘गांजा’ हा शब्द तिथे पोचला. आजही तिथे तो याच नावाने ओळखला जातो. जमैकाने त्यावर १९१३ साली बंदी घातली. पुढे रास्ताफारींचा जो पोलिसी छळ झाला, त्यात हा कायदा मोठं हत्यार ठरला. १९६३ साली कोरल गार्डन्स इथल्या घटनेनंतर शेकडोंची धरपकड झाली, मारहाण झाली. त्याबद्दल पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी २०१७ साली माफी मागितली. म्हणजे चोपन्न वर्षांनी.

तर या पंथाचा एक अनुयायी दक्षिण आफ्रिकेत, गॅरेथ प्रिन्स. कायद्याचं शिक्षण पूर्ण झालेलं. वकिलीची सनद मिळण्याआधी काही काळ समाजसेवेची उमेदवारी करावी लागते, तिची नोंद करायला ते केप ऑफ गुड होपच्या वकील संघटनेकडे गेले. गांजा बाळगल्याबद्दल दोनदा शिक्षा झाली आहे, हे त्यांनी लपवलं नाही. आणि पुढेही धर्म म्हणून आपण गांजा वापरत राहू, असंही सांगून टाकलं. संघटनेने नोंद नाकारली. जो कायदा मोडणार असं स्वतःच सांगतो, तो वकील व्हायला योग्य नाही, हे तिचं म्हणणं. प्रिन्स उच्च न्यायालयात हरले, अपिलात हरले आणि शेवटी घटना न्यायालयात आले. त्यांची मागणी अगदी बेताची होती. बंदी उठवा, असं ते म्हणत नव्हते. रास्ताफारींच्या खऱ्याखुऱ्या धार्मिक वापरापुरता अपवाद करा, एवढंच.

आता न्यायाधीश कोण होते, तेही बघा. सरन्यायाधीश आर्थर चॅस्कलसन, म्हणजे रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या बचावाला उभे राहिलेले वकील. त्यांच्याबरोबर बहुमताचा निकाल लिहिणारे योहान क्रीगलर, म्हणजे १९९४ची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणाऱ्या आयोगाचे प्रमुख. तिसरे लॉरी अकरमन. ही बुरसटलेली माणसं नव्हती. म्हणूनच त्यांच्या निकालाची चिकित्सा करणं गरजेचं आहे. सनातनी न्यायाधीशाने असा निकाल दिला असता, तर आपण तो बाजूला ठेवून पुढे गेलो असतो.

बहुमताने काय मान्य केलं, ते नीट ऐका. रास्ताफारी हा धर्म आहे: मान्य. गांजा त्यांच्या उपासनेच्या केंद्रस्थानी आहे: मान्य. प्रिन्स यांची श्रद्धा प्रामाणिक आहे: मान्य. बंदीमुळे धर्मस्वातंत्र्याचा संकोच होतो: हेही मान्य. सगळं मान्य करूनही निकाल विरोधात गेला. का? तर अपवाद राबवता येणार नाही म्हणून. एखाद्याच्या खिशात गांजा सापडला, तर तो पूजेसाठी आहे की मौजेसाठी, हे रस्त्यावरच्या पोलिसाने ओळखायचं कसं? परवाने द्यायचे म्हटलं, तर या पंथात परवाना मागणारी, हिशोब ठेवणारी, जबाबदारी घेणारी पक्की संघटना नाही. अपवाद दिला की सगळ्या बंदीचीच अंमलबजावणी ढिली पडेल. म्हणून अपवाद नाही.

या युक्तिवादात तथ्य नाही, असं आम्ही म्हणणार नाही. पेयोटी किंवा आयुआस्का यांसारखी द्रव्यं सहसा कुणी मौजेसाठी शोधत फिरत नाही; गांजाचं तसं नाही. तो बाजारात आहे, त्याला गिऱ्हाईक आहे. अमेरिकेत १९८९ साली असाच एक खटला झाला. इथिओपियन झायन कॉप्टिक चर्च नावाच्या, गांजाला प्रसाद मानणाऱ्या पंथाच्या अनुयायाने अपवाद मागितला. निकाल लिहिला रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, पुढे ज्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्याच. त्यात सरकारचे आकडे आहेत: १९८० ते १९८७ या काळात जप्त केलेलं पेयोटी १९.४ पौंड, आणि गांजा दीड कोटी पौंडांहून जास्त. एवढी तफावत असेल, तर सरकार दोन्हींना एकाच मापाने मोजणार नाही, हे समजण्यासारखं आहे.

पण इथेच थांबून विचारायला हवं: अपवाद राबवण्याची अडचण कुणाची? राज्याची. आणि तिची किंमत कोण मोजतो? भाविक. घटनेने हक्क दिला आहे तो माणसाला, आणि तो किती मिळणार हे ठरतंय पोलिसाच्या सोयीवर. राज्याला अपवाद राबवणं जड जातं, हे हक्काला मर्यादा घालताना विचारात घ्यायचं एक कारण असू शकतं. पण तेवढ्या एका कारणाने हक्क सबंधच्या सबंध पुसला जावा, हे आम्हाला मान्य नाही.

न्यायमूर्ती सँडिल एनकोबो यांनी विरोधी मतात हेच बोट ठेवलं. ते पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांनी विचारलं की बंदी एवढी सरसकट का? धुनी म्हणून वेदीपाशी गांजा जाळला, तर त्यात समाजाला कोणता धोका आहे? कायद्यात औषधासाठी, संशोधनासाठी परवान्याची सोय आहेच, मग धर्मासाठी ती करणं अशक्य कसं? ज्या वापरात धोका नाही तोही गुन्हा ठरत असेल, तर कायदा गरजेपेक्षा जास्त पसरला आहे. त्यांनी संसदेला दुरुस्तीसाठी बारा महिने द्यायचं सुचवलं. म्हणजे न्यायालयाने स्वतः परवान्यांची यंत्रणा उभारायची गरज नव्हती. ते काम ज्यांचं, त्यांच्याकडेच सोपवायचं होतं.

दुसरं स्वतंत्र मत ॲल्बी सॅक्स यांचं. वर्णभेदी राजवटीच्या हेरांनी १९८८ साली मापुटोत त्यांच्या मोटारीत बाँब ठेवला होता. त्यात त्यांचा उजवा हात गेला. त्यांच्या मताचा रोख आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या, प्रतिष्ठित धर्मांना कायद्याकडून अपवाद मागत बसावे लागत नाहीत. त्यांच्या सवयी धरूनच कायदा लिहिलेला असतो. रास्ताफारींसारखा थोडका, गरीब आणि संशयाने पाहिला जाणारा समाज दारात उभा असतो, तेव्हा राज्याने थोडी तोशीस सोसून त्याला जागा करून द्यायला हवी.

याचा पुरावा इतिहासात आहे. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा १९१९च्या कायद्यातच धर्मविधीच्या वाइनला सूट होती. तिचा गैरवापर झाला का? चांगलाच झाला. बोगस रब्बी उभे राहिले, परवान्यांवर घेतलेली वाइन बाजारात गेली. म्हणून सूट रद्द झाली का? नाही. लबाडी करणाऱ्यांवर कारवाई झाली, नियम कडक झाले, आणि चर्चमधली, सिनेगॉगमधली वाइन चालू राहिली. आपल्याकडेही मुंबई प्रांताच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात धर्मविधीच्या मद्यासाठी वेगळी तरतूद आहे. प्रस्थापित धर्माच्या सवलतीला गळती लागली तर राज्य गळती बुजवतं. दुबळ्या धर्माच्या सवलतीला उद्या गळती लागेल एवढ्या नुसत्या भीतीने दारच उघडलं जात नाही. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

आणखी एक गोष्ट. कोणत्या धर्माला अपवाद मिळाला, याची यादी काढली तर एक नमुना दिसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली पेयोटीच्या स्मिथ खटल्यात मूलनिवासी उपासकांना नकार दिला. त्यावर एवढा गदारोळ झाला की काँग्रेसने १९९३ साली धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा केला आणि १९९४ साली मूलनिवासींच्या पेयोटीला उघड संरक्षण दिलं. त्या १९९३च्या कायद्याच्या जोरावर २००६ साली ब्राझीलमधून आलेल्या एका छोट्या चर्चला आयुआस्काचा काढा घेण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत त्याचे अनुयायी जेमतेम १३०. दोन्हीकडे काय आहे? ठरलेला विधी, ठरलेला दिवस, ठरलेलं माप, देणारा पुरोहित, नोंदवही. रास्ताफारीकडे यातलं फारसं काही नाही. त्यांची उपासना रोजच्या जगण्यात मिसळलेली, पुरोहिताशिवायची. गिन्सबर्ग यांच्या निकालातही हाच फरक निर्णायक ठरला: पेयोटी ठरावीक विधीपुरतं, आणि यांचा गांजा दिवसभर. म्हणजे कायदा म्हणतो, आधी चर्चसारखे व्हा, मग हक्क मागा. ज्या पंथाला मुळात चर्चसारखं व्हायचंच नाही, त्याला ही अट म्हणजे धर्म बदलण्याची अट झाली.

प्रिन्स यांनी आफ्रिकी मानवी हक्क आयोगाचं दार ठोठावलं, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडेही गेले. दोन्हीकडे हाती काही लागलं नाही. समितीने २००७ साली सांगितलं की धर्मस्वातंत्र्याचा भंग झालेला नाही.

मग २०१८ साली चक्र फिरलं. १८ सप्टेंबरला त्याच घटना न्यायालयाने एकमताने निकाल दिला की प्रौढ माणसाने खासगी जागेत स्वतःपुरता गांजा बाळगणं, लावणं, वापरणं हा गुन्हा ठरवणं घटनाबाह्य आहे. त्यातही प्रिन्स पक्षकार होते. निकाल लिहिला रेमंड झोंडो यांनी. वर्तमानपत्रांनी ‘प्रिन्स जिंकले’ म्हणून बातम्या दिल्या. आता कुणी म्हणेल, संपलं की! मग तुम्ही २००२चं निकालपत्र कशाला उकरताय?

कारण ते संपलेलं नाही. दुसरा निकाल धर्मस्वातंत्र्यावर उभा नाही, खासगीपणावर उभा आहे. वरवर पाहिलं तर जास्तच मिळालं. रास्ताफारीला मागितलं होतं ते सगळ्यांनाच मिळालं. पण खासगीपणा म्हणजे काय, तर चार भिंतींच्या आत, एकट्यापुरतं. उपासना मात्र सामुदायिक असते. रास्ताफारी जमतात, ढोल वाजतात, चिलीम हातोहात फिरते. ज्याचं घर म्हणजे एक खोली, अंगण नाही, त्याने रोप लावायचं कुठे? गांजा विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा राहिला. शिवाय आम्हाला खटकतं ते वेगळंच: माणसाने विचारलं होतं, ‘माझ्या श्रद्धेला तुमच्या राज्यात जागा आहे का?’ उत्तर मिळालं, ‘तुझ्या घरात तू काय करतोस ते आम्ही बघणार नाही.’ दोन्ही वाक्यांत फार अंतर आहे. २००२चा नकार धर्माच्या बाबतीत अजून पुस्तकात तसाच आहे, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या छोट्या पंथासमोर तोच वाचून दाखवला जाईल.

‘अपवाद राबवताच येत नाही’ या म्हणण्याला उत्तर मिळालं ते जमैकातून. तिथे २०१५च्या दुरुस्तीने दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं हे किरकोळ दंडावर आणलं, घरटी पाच रोपांना मुभा दिली, आणि रास्ताफारींच्या उपासनास्थळी धार्मिक वापराला कायदेशीर जागा दिली. नेमून दिलेल्या जमिनीवर मंत्र्यांच्या परवानगीने लागवडीचीही सोय ठेवली. हा कायदा आदर्श नाही. अर्ज, परवानगी, नेमलेली जागा, म्हणजे पुन्हा चर्चसारखे व्हा, हे आलंच. पण २००२ साली जे अशक्य म्हटलं गेलं, ते तेरा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेपेक्षा कितीतरी लहान देशाने कागदावर तरी करून दाखवलं.

आता आपल्याकडे वळू, कारण ‘आपल्याकडे भांग चालतेच की’ हे उत्तर आपल्या तोंडावर असतं. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी मोठा आयोग नेमला. त्याच्यापुढे हजाराहून जास्त साक्षी झाल्या. मुंबई इलाख्यातले अधिकारी जे. एम. कॅम्पबेल यांनी तर भांगेच्या धार्मिक महत्त्वावर स्वतंत्र टिपण दिलं. आयोगाने संपूर्ण बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा, असं सांगितलं. बंदी म्हणजे लोकांच्या धर्मात ढवळाढवळ वाटेल, ही काळजी त्यामागे होती. लक्षात घ्या, ती राज्यकर्त्याची सावधगिरी होती. त्यात कुणाचा हक्क मान्य केलेला नव्हता.

१९८५च्या अमली पदार्थ कायद्यातही तेच आहे. त्यात गांजाची व्याख्या करताना शेंडे, म्हणजे फुलं-फळं धरली आणि नुसती पानं वगळली. पानांची भांग म्हणून सुटली. धर्माचं नाव कुठेही नाही. आणि महाराष्ट्रात तर १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांगही चालत नाही. मग साधूच्या चिलमीतल्या गांजाचं काय? तो गुन्हाच आहे. कुंभमेळ्यात ती उघड ओढली जाते, वर्तमानपत्रात फोटो छापून येतात, आणि पोलीस बघून न बघितल्यासारखं करतात. ही डोळेझाक आहे. डोळेझाक मिळते ती आखाड्याला, गर्दीला, प्रतिष्ठेला. तोच गांजा झोपडपट्टीतल्या पोराच्या खिशात सापडला तर त्याला कुणी ‘परंपरा’ म्हणत नाही.

उद्या कुणी आपल्या न्यायालयात गेलाच, तर त्याला वेगळी भिंत लागेल. १९५४च्या शिरूर मठ खटल्यापासून आपल्याकडे ‘धर्माचा अत्यावश्यक भाग’ ही कसोटी आहे. १९६१ साली अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ती आणखी आवळली: धर्माला अंधश्रद्धेतून चिकटलेल्या गोष्टींना संरक्षण नाही. आनंदमार्गींच्या तांडव नृत्याबाबत १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पंथ १९५५चा, नृत्य आलं १९६६ साली, मग ते अत्यावश्यक कसं? हा हिशोब लावला तर कुठल्याही नव्या पंथाला आपल्याकडे उभं राहणं अवघड. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने निदान तुमचा धर्म काय आहे, हे तुम्हाला शिकवलं नाही. भाविक म्हणेल ते प्रामाणिकपणे ऐकून घेतलं. तेवढ्यापुरतं ते निकालपत्र आपल्या परंपरेपेक्षा सरस आहे, आणि हेही आज सांगितलंच पाहिजे.

मग आमचं म्हणणं काय? चिकित्सा करायची तर पर्याय सांगायला हवा. न्यायालयाने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. श्रद्धा प्रामाणिक आहे का? या विशिष्ट वापराने, म्हणजे धुनीने, मेळाव्यातल्या चिलमीने, दुसऱ्या कुणाला नेमकी काय इजा होते? आणि ती टाळायला सरसकट बंदीपेक्षा कमी काही पुरेल का? वयाची अट, जागेची अट, मापाची अट, गाडी चालवण्यावर बंदी, विक्रीवर बंदी, ही सगळी साधनं राज्याच्या हातात आहेत. ती सगळी वापरून बघितल्यावरही भागत नसेल, तर नकार द्यावा. पण सिद्ध करायचा भार राज्यावर हवा. प्रिन्स खटल्यात बहुमताने पहिल्या प्रश्नाला होकार दिला, दुसरा प्रश्न धुनीच्या बाबतीत बाजूला ठेवला, आणि तिसऱ्याचं उत्तर ‘फार कटकटीचं आहे’ असं दिलं.

त्या कटकटीपायी एका शिकल्यासवरल्या माणसाला सनद आणि श्रद्धा यांतलं एक निवडावं लागलं. त्याने श्रद्धा निवडली. खोटं बोलून, काही काळ गप्प बसून त्याला सनद मिळवता आली असती. त्याने खरं सांगितलं, आणि खरं सांगितलं म्हणूनच तो वकील व्हायला अयोग्य ठरला. वकिलीच्या धंद्यासाठी प्रामाणिकपणा हा गुण मानला जातो, म्हणून ही गोष्ट विधी महाविद्यालयातल्या मुलांना मुद्दाम शिकवावी, असं आम्हाला वाटतं.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील ते अवश्य विचारा, विरोधातले असतील तर आधी विचारा.